सॉफ्टबॉलची थंडी

डिसेंबर अर्धा सरला की आमच्या बिबवेवाडीच्या गॅलरीत सकाळी सकाळी लाउडस्पीकर ऐकू येऊ लागतो. मागच्या शाळेत क्रीडास्पर्धा सुरू झालेल्या असतात. आधी खरखर, मग फुंकर, मग "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग", आणि मग कुणा सरांचा वैतागलेला आवाज: "लाल गटाच्या मुलींनी डावीकडे यावं. डावीकडे म्हणजे माझ्या डावीकडे. तुमच्या नाही." मी चहाचा कप घेऊन कठड्याशी उभी राहते. तिथून मैदानाचा एक कोपरा तेवढा दिसतो, बाकीचं ऐकूनच समजून घ्यायचं. कोण पहिलं आलं, कोण पडलं, कुणाच्या आईनं पंचांशी वाद घातला. आमचे हे आतून वर्तमानपत्र खाली न घेता म्हणतात, "लागली का थंडी? आता संक्रांतीपर्यंत आमच्या घरात चहा गारच होणार."

खरं आहे त्यांचं. लोकांना थंडी आली की ओले हरभरे आठवतात, गुळाची पोळी आठवते, ट्रंकेतल्या स्वेटरचा डांबरगोळ्यांचा वास आठवतो. मला दवानं भिजलेलं गवत आठवतं आणि चामड्याचा वास. कॅनव्हासच्या बुटांतून आत झिरपणारा तो गारवा अजून माझ्या पायांच्या बोटांत आहे. आणि एक आवाज. चेंडू वेगानं येऊन चामड्याच्या जाड हातमोज्यात बसतो तेव्हाचा. फट्! धुकं असलं की तो आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत यायचा.

मी सॉफ्टबॉल खेळायचे. हे वाक्य म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "म्हणजे मऊ चेंडूनं खेळतात तो?" आईनंसुद्धा हेच विचारलं होतं, आणि मी बेधडक "हो" म्हटलं होतं. पुढे एकदा पोटरीवर चेंडू बसला आणि घरभर लंगडत हिंडले, तेव्हा आईनं पिशवीतून चेंडू काढला, ओट्यावर आपटून पाहिला आणि शांतपणे म्हणाली, "नाव ठेवणाऱ्याला कधी लागला नसेल."

मी पिचर. चेंडू टाकणारी. क्रिकेटसारखं लांबून पळत यायचं नाही. जागच्या जागी उभं राहायचं, हात रहाटासारखा गोल फिरवायचा आणि कमरेजवळून चेंडू असा सोडायचा की समोरच्या बॅटवालीला तो दिसेपर्यंत निघून गेलेला असावा. नारायण पेठेतल्या गणिताच्या मास्तरांच्या मुलीला हे का जमावं, याचं उत्तर माझ्या वडिलांनाही सापडलं नाही. पण जमलं. जमलं म्हणजे इतकं, की राज्याच्या संघात आले, आणि खेळाडूंसाठी राखलेल्या जागेवर एका सरकारी कचेरीत चिकटलेसुद्धा. सकाळी मैदान, मग सायकलवरून कचेरी, संध्याकाळी पुन्हा मैदान. टंकलेखन करताना माझी उजवी बोटं डाव्यांपेक्षा जोरात पडायची आणि कागदाला भोकं पडायची. साहेब म्हणायचे, "बाई, शासनावर राग काढू नका."

पिचर एकटी काही नसते. तिनं टाकलेला चेंडू कुणीतरी झेलावा लागतो. ती कॅचर. बॅटवालीच्या मागे उकिडवी बसते, तोंडावर लोखंडी जाळी, छातीवर गादी. आमच्या कॉलेजच्या संघात ती जागा कुणालाच नको होती. शोभा नाही, टाळ्या नाहीत, आणि गुडघ्यांचं मातेरं. कदम सरांनी, म्हणजे आमच्या प्रशिक्षकांनी, विचारलं तेव्हा सगळ्याजणी बुटांच्या नाड्या बांधायला लागल्या. फक्त लोणी काळभोरहून एसटीनं येणारी, दोन वेण्या घट्ट घातलेली एक काळीसावळी मुलगी म्हणाली, "मी बसती की सर. भांगलताना आमी दिसभर बसतोच."

ती कुसुम. बाजरीची भाकरी आणि लसणाचा ठेचा घेऊन यायची आणि डबा उघडला की सगळ्या पेठा तिच्याभोवती गोळा व्हायच्या. फारसं बोलायची नाही. पण जाळीच्या आडून माझ्याकडे बघायची आणि मांडीच्या आड बोटं हलवून सांगायची: आता खाली टाक, आता बाहेर, आता हळू. मी तिच्या बोटांवर चालायचे. सहा-सात हिवाळे, आधी कॉलेजच्या आणि मग कदम सरांच्याच हाताखालच्या राज्याच्या संघात, आम्ही तशा एकमेकींसमोर काढले. माझ्या लग्नाला पुढे चाळीस वर्षं झाली, पण कुसुमच्या नजरेला नजर देऊन मी जितका वेळ उभी राहिले असेन, तितकी यांच्यासमोरसुद्धा नाही.

मला आठवते ती थंडी सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडची. राष्ट्रीय स्पर्धा त्या वर्षी आमच्याच गावात भरायची होती. मुठेकाठच्या मैदानावर कनात लागली, चुन्याच्या रेघा पडल्या. बाहेरगावच्या मुलींना शाळांच्या वर्गांत उतरवलं होतं. बाकांवर टॉवेल वाळत, फळ्यावर कुठल्या कुठल्या लिपीत नावं. सकाळी पोह्यांचे मोठमोठे टोप यायचे, आणि उत्तरेकडच्या त्या उंचनिंच मुली त्यातल्या मोहऱ्या एकेक करून बाजूला काढायच्या. आम्ही लपून हसायचो. मग मैदानावर त्यांचे फटके पाहिले की हसू जायचं.

आणि माझा खांदा दुखत होता.

दिवाळीत चकल्या पाडताना पहिल्यांदा कळ आली. सोऱ्या फिरवता फिरवता उजव्या खांद्यात काहीतरी सणकलं आणि हात तसाच खाली आला. मी कुणाला बोलले नाही. आई झोपली की तिळाचं तेल चोळायचं, फडक्यात गरम वीट गुंडाळून शेक घ्यायचा. सकाळी मैदानावर हात आधी जडशीळ असायचा, मग तापला की चालायचा. मी स्वतःला समजावलं होतं: थंडी आहे, ऊन वाढलं की सुटेल. कदम सरांना शंका आली नाही. चेंडू सरळ जात होता, वेगही बघणाऱ्याला तोच वाटत होता.

स्पर्धा तोंडावर आली आणि एका सकाळी सराव संपल्यावर कुसुम माझ्या शेजारी येऊन बसली. तिनं हातमोजा काढून माझ्या मांडीवर ठेवला. आतून तो कोमट होता.

"शैले," ती म्हणाली, "तुझा बॉल मरतोय."

"काय?"

"शेवटाला येऊन मरतोय. आदी माज्या हातात आला की तळवा झिणझिणायचा. आता नुसता येऊन बसतोय, पावण्यावानी."

"थंडी आहे म्हणून."

"थंडी मलाबी हाय की." समोर कदम सर चेंडू गोळा करत होते. मग हळू म्हणाली, "खांदा ना?"

मी मान हलवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते दुखण्यानं नाही. आता हे खरं झालं म्हणून. मनात ठेवलेली गोष्ट कुणी मोठ्यानं म्हटली की ती खरी होते.

"सरांना सांगायचं का?" तिनं विचारलं.

"एक सामना, कुसुम. घरच्या मैदानावर एक सामना तरी खेळू दे. मग मीच सांगते."

तिनं हातमोजा उचलला, झटकला आणि म्हणाली, "बरं. एक. तो मी वडून न्हेती."

'वडून न्हेती' म्हणजे काय, ते मला त्या सामन्यात कळलं. माझा चेंडू जिथे जायला हवा तिथे जात नव्हता. कुसुम तो जाईल तिथे आधीच पोचलेली असायची आणि असा शांत झेलायची, की पंचांना वाटावं तिथेच तर टाकायचा होता. खाली पडायला आलेला चेंडू ती अलगद वर धरायची. बोटांनी ती एकही अवघड खूण करेना. नुसतं हळू, आता वेगात, पुन्हा हळू. माझ्याकडे जे उरलं होतं तेवढंच मागत होती, जास्तीचं काही नाही. आम्ही जिंकलो. लोकांनी मला उचललं. उचलणाऱ्यांपैकी एकीचा हात खांद्याखाली आला तेव्हा मी ओठ चावून हसत राहिले. वरून मला दिसलं, कुसुम बाकावर बसून गुडघ्यांना पट्ट्या गुंडाळत होती, आणि तिची डाव्या हाताची बोटं सुजून केळ्यांसारखी झाली होती.

संध्याकाळी मी कदम सरांच्या घरी गेले. ते दारातच सायकलची साखळी बसवत होते. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "आत ये. चहा घे." आयुष्यात त्यांनी मला दिलेला तो एकच चहा. कप परत देताना मी विचारलं, "मग उद्या कोण?"

"उज्ज्वला," ते म्हणाले.

उज्ज्वला जळगावची. कॉलेजात नुकतीच आलेली, लांब हातांची, काहीही सांगितलं की डोळे मोठे करणारी. दुसऱ्या दिवशी मी खुर्चीवर शाल गुंडाळून बसले आणि कुसुम उज्ज्वलासमोर उकिडवी बसली. तीच जाळी, तीच मांडीआडची बोटं. मध्येच उठून ती उज्ज्वलाकडे गेली, तिचं कोपर धरून काहीतरी समजावलं, तिच्या पाठीवर थाप मारली. अगदी माझ्या पाठीवर मारायची तशी. वाटलं, इतक्या लवकर? मग वाटलं, मग काय करायला हवं होतं तिनं, माझ्यासाठी सुतक पाळायचं? दोन्ही वाटत होतं. खेळाडूला निवृत्तीच्या समारंभात हार घालतात, भाषणं करतात. पण निवृत्ती खरी होते ती अशी, पांढऱ्याशुभ्र उन्हात. आपली जागा रिकामी राहत नाही. तिथे कुणीतरी उभं असतं आणि ते बरं खेळत असतं.

उज्ज्वला बरं खेळत होती. आम्ही अंतिम फेरीत गेलो.

अंतिम सामन्याच्या सकाळी कनातीजवळ एक गृहस्थ आले. धोतर, वर बंद गळ्याचा कोट, डोक्याला मफलर. मागे एकजण तारांची भेंडोळी आणि एक जड पेटी घेऊन. रेडिओवर कबड्डी, खो-खो, क्रिकेट यांचं मराठीत धावतं वर्णन करणारे मोघे सर. त्यांचा आवाज आमच्या घरात वडिलांच्या आवाजाइतकाच ओळखीचा होता. माणूस पहिल्यांदाच पाहत होते, आणि तो आवाजापेक्षा बराच बारीक निघाला.

कदम सरांनी त्यांना माझ्यासमोर आणून उभं केलं. "ही आमची पिचर. खांदा दुखावलाय, बसून आहे. ही सगळं समजावून सांगेल."

मोघे सरांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "या खेळाला काय म्हणतात?"

"सॉफ्टबॉल."

"ते पाटीवर वाचलं. मराठीत विचारतोय."

"मराठीतही सॉफ्टबॉलच म्हणतात."

"वा. श्रम वाचले." त्यांनी चष्मा पुसला. "आपण असं करू. आपण माझ्या शेजारी बसा. मला कळलं नाही की मी आपल्याकडे बघेन. आपण कानात सांगा, मी बोलेन."

तसं ठरलं. आम्ही एका लाकडी माच्यावर बसलो. खाली मैदान, धुकं नुकतं विरलेलं, गवतावर ऊन चमकत होतं. सामना सुरू झाला आणि मोघे सर बोलू लागले. पेटीवरचा लाल दिवा लागताच तो बारीक माणूस मोठा झाला. पण दहाएक मिनिटांतच ते माझ्याकडे इतक्या वेळा बघू लागले, की त्यांची मान दुखली असेल. मी कानात सांगायचे, ते ऐकेपर्यंत पुढचा चेंडू गेलेला असायचा. शेवटी त्यांनी मैदानाकडे बघतच म्हटलं, "तर श्रोतेहो, या खेळातल्या जाणत्या खेळाडू आपल्यासोबत आहेत, आणि यापुढचं त्याच सांगतील." आणि माईक माझ्यापुढे सरकवला.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खिशातून सुपारी काढत होते.

पहिलं वाक्य काय बोलले ते आठवत नाही. इतकं आठवतं, की मला वेग, डाव, गुण यातलं काही सुचेना. माझी नजर जिथे सवयीनं जायची तिथे गेली. मी कुसुमबद्दल बोलू लागले. मी म्हटलं, सगळे चेंडू टाकणारीकडे बघतायत, पण तुम्ही तिच्या समोर बघा, बॅटवालीच्या मागे एक मुलगी बसली आहे. तिच्यापुढे जमिनीत एक पांढरी पाटी आहे. ते घर. समोरच्या संघाच्या मुलींना मैदानाला फेरी मारून त्या घरात शिरायचं आहे, आणि ही मुलगी उंबऱ्यावर बसली आहे. चेंडू कुठे टाकायचा ते ती ठरवते, बोटांनी सांगते. कुणी चोरून पुढे पळालं तर बसल्या जागेवरून उठून चेंडू फेकते. डाव तिच्या डोक्यात चालतो. तिचं नाव कुसुम काळे, गाव लोणी काळभोर.

मोघे सर सुपारी कातरायचे थांबले होते.

शेवटच्या डावात आम्ही एका गुणानं पुढे होतो. त्यांची एक खेळाडू तिसऱ्या टप्प्यावर, घरापासून एका धावेवर. दोघी बाद झालेल्या. उज्ज्वलाच्या चेंडूवर त्यांच्या उंच मुलीनं फटका मारला तो डावीकडे गवतात. तिसऱ्या टप्प्यावरची सुटली. मी बोलत होते, "ती निघाली, ती निघाली, चेंडू उचलला, फेकला, कुसुमनं जाळी काढून भिरकावली, उंबऱ्यावर आडवी झाली..." आणि मग दोघींची धडक, धुळीचा लोट, काही दिसेना. मैदान गप्प. मीही गप्प. मोघे सरांनी कोपरानं मला ढोसलं आणि पुटपुटले, "अहो, रेडिओवर गप्प बसत नाहीत."

"धूळ आहे," मी म्हटलं. "नुसती धूळ आहे. पंच वाकून बघतायत. कुसुम पालथी पडली आहे. तिचा हातमोजा छातीशी आहे. ती हात वर करतेय... चेंडू आहे! चेंडू तिच्या हातात आहे! बाद!"

मग सगळ्याजणी धावल्या. उज्ज्वला, राखीव मुली, कदम सर मफलर उडवत. एकमेकींवर पडल्या, कुसुम सगळ्यांच्या खाली. इतकी वर्षं त्या ढिगात सर्वांत आधी उडी मारणारी मी असायची. आज मी माच्यावर होते आणि लाल दिवा चालू होता. मी तो ढीग सांगत होते. कोण कुणावर पडलंय, कुणाची वेणी सुटलीय, कुणी रडतंय. तेव्हा मला कळलं, की मी तिथे नाही. आणि हेही कळलं, की मी तिथे नसूनही मला ते सगळं मिळतंय, आणि न पाहिलेल्या कुणाला तरी देताही येतंय. हे दुःख होतं की सुख, याचा निकाल मी अजून लावलेला नाही.

दिवा विझल्यावर मोघे सर म्हणाले, "आपण श्वास चुकीच्या ठिकाणी घेता." मग तारा गुंडाळणाऱ्याकडे वळून म्हणाले, "पुढच्या महिन्यात खो-खो आहे. या बाईंचा पत्ता घेऊन ठेवा."

दोन-तीन दिवसांनी कुसुमच्या घरून सगळ्या संघाला हुरड्याचं आमंत्रण आलं. तिच्या वडिलांना, आबांना, आम्ही कुणीच पाहिलेलं नव्हतं. मुलीला खेळू देत होते, एवढंच माहीत होतं. मैदानावर ते कधी फिरकले नव्हते. सोलापूर रस्त्यानं एसटी, मग ओढ्याकाठनं पायी. ज्वारी पुरुषभर उंच, कणसं दुधात आलेली. बांधावर आगटी पेटवलेली. आबा तीत कणसं भाजून, हातावर चोळून गरम हिरवे दाणे पुढे करत होते. गोवऱ्यांचा धूर, शेंगदाण्याची चटणी, दह्याची वाटी. उज्ज्वला जळगावची असूनही तिनं हुरडा पहिल्यांदाच खाल्ल्यासारखे डोळे मोठे केले.

आबांनी माझ्या पुढ्यात दाणे टाकले आणि विचारलं, "रेडिओत बोलल्या त्या तुमीच का?"

"हो."

ते परत कणसं चोळू लागले. बोलले ते आगटीकडे बघून. "मी उसाला पानी धरलं हुतं. बांधावर रेडू ठिवला हुता. मला वाटायचं, पोरगी खेळती खेळती म्हनत्यात, आन् फोटूत बगावं तर सगळ्यांच्या मागं, तोंड झाकून बसल्याली. म्हनलं हिला खेळता येत नसंल, म्हनून मागं बसीवत असतील. कुनाला इचारायची लाज वाटायची." त्यांनी हात झटकला. "उंबऱ्यावर बसती म्हनला तुमी. घर राकती म्हनला. पाट फुटून पानी दुसऱ्याच्या रानात गेलं तरी मला कळलं न्हाय."

कुसुम पलीकडे बसून दह्याची वाटी चाटत होती. तिनं ऐकलं, पण मान वर केली नाही. तिचे कान लाल झाले होते, आगीनं असतील. आबांनी उरलेल्या सगळ्या हुरड्याची एक मूठ तिच्या ताटलीत टाकली आणि म्हणाले, "खा. गुडगं बरं हायेत का?"

डॉक्टरांनी त्याच महिन्यात माझ्या खांद्याचा फोटो काढून सांगितलं, की हा हात रोजची कामं करील, गोल फिरणार नाही. अजूनही स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा डबा मी डाव्या हातानं काढते. कुसुम आणखी काही हिवाळे खेळली. मग लग्न झालं, तेही लोणीतच, आणि तिथल्या शाळेत ती खेळाची शिक्षिका झाली.

मी बोलत राहिले. खो-खो, कबड्डी, शालेय स्पर्धा, पुढे मुलींचं क्रिकेट. सुरुवातीला पोस्टकार्डं यायची. पेठांतून जास्त. "ताई, आपला आवाज चांगला आहे, त्यामुळे तो जपून वापरावा." एकानं लिहिलं होतं, "बाईमाणसानं मैदानावरून ओरडणं आमच्या घरी पसंत नाही, तरी कबड्डीचा निकाल नीट ऐकू आला नाही, कृपया कळवावा." मोघे सरांनी मला श्वास शिकवला. कुठे थांबायचं, टाळ्या वाजू द्यायच्या, हरणाऱ्याचं नाव शेवटी एकदा घ्यायचं. ते गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं मला त्यांचा मफलर दिला. मग टीव्ही आला. कानात बोंडं घालून, काचेच्या खोलीत, समोर पडद्यावर तेच चित्र सगळ्यांना दिसतंय आणि आपण बोलायचं. एकदा एक चुणचुणीत मुलगा म्हणाला, "मॅम, थोडी एनर्जी हवी. आणि प्लीज, पॉज नको, ऑडियन्स चॅनल चेंज करतो." वाईट नव्हता तो. त्याला चहा पाजला, एनर्जी दिली आणि त्या वर्षाअखेर काचेच्या खोलीतून बाहेर पडले.

गेल्या थंडीत कुसुमचा फोन आला. "शैले, नातीची म्याच हाय शाळंत. येतीस का?"

तिला मी बऱ्याच दिवसांनी भेटत होते. साखरेनं तिचे डोळे हळूहळू नेले होते. आता उजेड आणि अंधार एवढाच भेद कळायचा. लोणीत आता ज्वारीच्या जागी कॉलेजांच्या इमारती, रस्त्यावर डंपर, पण शाळेचं मैदान होतं तसंच धुळीचं. आम्ही निंबाच्या सावलीत दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. तिनं डोक्याला स्कार्फ बांधला होता. माझा हात तिनं सहज आपल्या मांडीवर घेतला. तिची बोटं वाकडी झाली होती, उंबऱ्यावरची बोटं.

तिची नात पिचर. चौदा-पंधरा वर्षांची. चेंडू मोज्यात बसल्याचा आवाज आला की कुसुम मान हलवायची. मला जे येतं ते मी करू लागले. "दुसरी बॅटवाली आली आहे, डावखुरी आहे, नात तयार..."

"ते ऱ्हाऊ दे," कुसुम म्हणाली. "ते मला ऐकू येतंय. बॉल कसा पडला ते आवाजावरनं कळतंय."

"मग काय सांगू?"

तिनं स्कार्फची गाठ सारखी केली. मग म्हणाली, "माजं डोळं गेलं तवा ती येवढीशी हुती. रांगत हुती. घरच्यांना इचारलं तर म्हनत्यात छान दिसती. छान म्हंजी काय? आता तू सांग. दिसती कशी?"

मी मैदानाकडे पाहिलं. आयुष्यभर मी किती मुलींचे खेळ सांगितले असतील. एकीचंही तोंड सांगितलं नव्हतं. कुणाला हवं नव्हतं.

"उंच आहे," मी म्हटलं. "तुझ्याहून उंच. रंग तुझाच. केस बारीक कापलेत, मुलासारखे."

"ते मला म्हाईत हाय, त्यावरनं घरात भांडान झालं."

"कपाळ मोठं आहे. चेंडू टाकण्याआधी जिभेचं टोक बाहेर काढते, आणि टाकला की हळूच आत घेते. डोळे लहान आहेत, हसली की मिटतात. आत्ता हसतेय. एक दात जरा पुढे आहे."

"दात तिच्या आज्याचा," कुसुम म्हणाली. तिची पकड घट्ट झाली होती. "आन् नाक?"

"नाक बसकं आहे."

"व्हय?"

"चांगलंच बसकं आहे, कुसुम."

"मग माजंच!" ती म्हणाली, आणि इतक्या मोठ्यानं हसली, की मैदानातल्या मुलीनं चेंडू हातात धरून आमच्याकडे वळून पाहिलं.